काटा, इंची टेप आणि तेलाचा पिपा

लग्नाच्या सीझनच्या तोंडावर माझे साडभाऊ इतवारीतून घरी जाताना आमच्याकडे डोकावले आणि चप्पल काढायच्या आधीच म्हणाले, "चार किलो उतरलं भाऊ! आठ दिवसांत." पोळी बंद, भात बंद, साखर बंद. सकाळी लिंबूपाणी, रात्री काकडी-टमाटर. पँट किती सैल झाली तेही त्यांनी उभ्याउभ्या दाखवलं. मग लग्न झालं. दोन दिवस हळद, सीमांतपूजन, रिसेप्शन. सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला. तीन किलो परत. "माझं शरीरच असं आहे नं. हवा खाल्ली तरी अंगी लागते."

हवा अंगी लागत नाही. पण ते तीन किलो खरे होते, काटा खोटं बोलत नव्हता. मग ते होतं काय?

थोडा हिशेब करू. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरींचा साठा. (आपण बोलताना जिला कॅलरी म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी, मीही इथे तेच म्हणतोय.) तीन किलो चरबी चढवायची तर वरच्या २३,००० कॅलरी खायला हव्यात. बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २,००० च्या आसपास लागतात. म्हणजे साडभाऊंनी दोन दिवसांत आपलं नेहमीचं जेवण करून वर आणखी अकरा दिवसांचं जेवण हाणलं असतं, तरच ही चरबी झाली असती. ते जेवतात चांगले, पण इतके नाही.

आधीचे चार किलो जिथे गेले होते, तिथूनच हे तीन परत आले. त्यात बहुतेक पाणी होतं. भात, पोळी, साखर यांतून मिळालेली जास्तीची साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाच्या रूपात ठेवतं. हा हाताशी ठेवलेला सुटा पैसा समजा, लागला की लगेच काढायचा. हा साठा सगळा मिळून ४००-५०० ग्रॅमचा असतो आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. पोळी-भात बंद केला की दोन-तीन दिवसांत हा साठा रिकामा होतो आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. झाले दोनेक किलो कमी. जेवण घटलं म्हणून आतड्यातलं वजन कमी, मीठ कमी झालं म्हणून आणखी थोडं पाणी कमी. खरी चरबी त्या आठवड्यात अर्धा-पाऊण किलो गेली असेल. मग लग्नातली पहिली जिलेबी पोटात गेली, साठा पुन्हा भरला, पाणी परत आलं.

हे समजलं की बाजारातल्या निम्म्या जाहिरातींतली हवा निघते. "सात दिवसांत पाच किलो" हे वाक्य खोटं नसतं, फक्त ते पाच किलो कशाचे ते सांगत नाहीत.

घामाचंही तसंच. आमच्या गल्लीतला एक पोरगा मे महिन्यात जाड प्लास्टिकचं जॅकेट घालून पळायचा, चरबी वितळते म्हणून. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तिथे चरबी वितळो न वितळो, उष्माघात मात्र नक्की होऊ शकतो. चरबी घामातून जातच नाही. ती शरीरात जळते तेव्हा तिचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. दहा किलो चरबी जळली तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते आणि उरलेलं १.६ किलो पाणी. म्हणजे उतरलेली चरबी आपण मुख्यतः नाकातोंडातून सोडतो. म्हणून कोणी जोरजोरात श्वास घेत बसू नका, जळणं आधी, श्वास नंतर.

काट्यावर उभं राहायचंच असेल तर आठवड्यातून एकदा, सकाळी, पोट साफ झाल्यावर, त्याच काट्यावर. एका दिवसाचा आकडा मनाला लावून घेऊ नका. महिन्याभरात रेघ कुठे चालली आहे ते पाहा.

आता इंची टेपकडे येतो, कारण माझ्या मते घरात काट्यापेक्षा तिची गरज जास्त आहे.

डॉक्टरांकडे गेलं की बीएमआय काढतात. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. माझी उंची १.६८ मीटर, वजन ७० किलो, बीएमआय २४.८. जागतिक हिशेबात २५ पासून पुढे जास्त वजन, त्यामुळे मी काठावर पास. पण भारतीयांसाठी तज्ज्ञांनी ही रेघ खाली आणली. २३ च्या वर जास्त वजन, २५ च्या वर लठ्ठपणा. त्या हिशेबात मी नापास.

ही रेघ खाली का आणली, त्याची सगळ्यात मजेदार साक्ष पुण्यातली आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारीशेजारी उभा असलेला फोटो छापून आला. एक पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्याच्या आणि उंचीच्या हिशेबात जुळे, आतून दुपटीपेक्षा जास्त फरक. आपल्या लोकांचं शरीर बारीक दिसतं, हातपाय काटकुळे असतात, पण स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटात. आपण त्याला "सुखाचं पोट" म्हणतो आणि लग्नानंतर जावयाला आलं की सासूबाई खूशही होतात.

पोटाची चरबी दोन थरांत असते. एक कातडीखालची, चिमटीत येणारी. ती दिसायला नको वाटते, पण तुलनेनं गरीब. दुसरी आतली, आतड्यांभोवती आणि यकृतात. तिच्यातून चरबीचे घटक सतत रक्तात उतरतात, यकृत आणि स्नायू इन्सुलिनचं ऐकेनासे होतात, मग साखर वाढते, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी वाढते, रक्तदाब वाढतो. सोनोग्राफीत "फॅटी लिव्हर ग्रेड वन" लिहून येतं आणि आपण रिपोर्ट फाइलला लावून विसरून जातो. देशभर झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बीएमआयच्या मापानं २८.६ टक्के लोक लठ्ठ निघाले, पण कमरेच्या मापानं पोट सुटलेले ३९.५ टक्के. कितीतरी लोक काट्यावर पास होतात आणि टेपवर नापास.

मोजायची रीतही सांगतो, कारण तिथेच बनवाबनवी होते. पुरुष पँटच्या पट्ट्यावर मोजतात. पट्टा पोटाच्या खाली घसरलेला असतो, म्हणून "अजूनही ३४ चीच कंबर आहे" असं अभिमानानं सांगतात. बरगडीचं शेवटचं हाड आणि कमरेचं वरचं हाड बोटांनी चाचपा. त्या दोघांच्या मधोमध टेप धरा. पोट आत ओढू नका, श्वास सहज सोडा आणि मग आकडा वाचा. पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८० सेंटीमीटर ही भारतीयांची मर्यादा. टेपसुद्धा नसेल तर दोरी घ्या, आपल्या उंचीइतकी कापा, दुमडून अर्धी करा. ती कमरेभोवती पुरायला हवी.

लग्नानंतर एका संध्याकाळी साडभाऊ आले, तेव्हा बायकोच्या शिलाई मशीनच्या खणातली टेप काढून आम्ही दोघांनी मोजलं. साडभाऊ १०२. मी ९६. आत येऊन माझ्या बायकोनं फक्त आकडे वाचले आणि काही न बोलता चहा ठेवायला गेली. चहा बिनसाखरेचा आला.

उतरलेलं वजन परत का चढतं, ही मात्र गंमत नाही. लोक याला मनाचा कमकुवतपणा समजतात. शरीराला उपाशी राहणं आणि डाएट यातला फरक कळत नाही. चरबी कमी झाली की चरबीच्या पेशींतून निघणारं लेप्टिन हे संप्रेरक कमी होतं (ते १९९४ साली सापडलं), मेंदूला निरोप जातो की कोठार रिकामं होतंय. भूक वाढते. शरीर खर्चही आखडतं, हातपाय कमी हलतात, थंडी वाजते, आळस येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा इथे ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने जवळपास अर्ध्या जेवणावर ठेवलं होतं. वजन सुमारे पाव हिश्शानं घटलं. पण त्या तरुणांना जेवणाशिवाय दुसरं काही सुचेना, काही जण पाककृतींची पुस्तकं गोळा करायला लागले. नंतर पोटभर मिळायला लागल्यावरही बरेच दिवस त्यांची भूक शमत नव्हती. हे निवडक, तंदुरुस्त तरुण होते. आपण तर घरी, फ्रीजपासून दहा पावलांवर राहतो.

शिवाय भराभर उतरवलेल्या वजनात सगळी चरबी नसते. साधारण पाव हिस्सा स्नायूही जातात, प्रथिनं कमी आणि व्यायाम शून्य असेल तर त्याहून जास्त. वजन परत येतं तेव्हा मात्र चरबी आधी येते. दर लग्नाच्या सीझनला हे करणारा माणूस दहा वर्षांनी त्याच वजनाचा पण जास्त चरबीचा होऊन बसतो.

म्हणून आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक. आणि एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के उतरले तरी रक्तदाब, साखर, यकृत यांत फरक पडतो. ८० किलोच्या माणसाला हे ४ ते ८ किलो होतात, सहा महिन्यांत जमण्यासारखे. चेन्नईत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर झालेला एक भारतीय अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात खाणंपिणं आणि चालणं सुधारलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटलं, आणि गंमत म्हणजे त्यांचं वजन फारसं उतरलंच नव्हतं. काटा हलला नाही म्हणून चालणं सोडणाऱ्यांनी हे फ्रीजवर चिकटवून ठेवावं.

आता आपलं नागपुरी स्वयंपाकघर. पोळी-भाताला शिव्या देण्याआधी मी तेलाच्या पिप्याकडे बोट दाखवीन. एक ग्रॅम साखर किंवा पीठ ४ कॅलरी देतं, एक ग्रॅम तेल ९. आणि आपल्याकडे तेल वाढप्यासारखं सगळीकडे फिरतं. वडाभात घ्या. वडे तळलेले, ते भातावर कुस्करायचे आणि वरून हिंग-मिरचीच्या फोडणीचं कडकडीत तेल. वर आणि "अजून घ्या नं थोडं, कोरडं लागते" असा आग्रह. सावजी तर्रीबद्दल काय बोलावं! तर्री म्हणजे मसाल्याचा रंग आणि वास घेऊन वर आलेलं तेलच. एकदा आम्ही दोघांपुरता सावजी रस्सा पार्सल आणला, पातेल्यात ओतून दहा मिनिटं तसाच ठेवला आणि वरची तर्री मोठ्या चमच्यानं वाटीत काढली. चार चमचे भरले, तरी रस्सा लालच होता. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. चार चमचे ४८०. अंबाझरी तलावावर तासभर झपझप चालून ७० किलोच्या माणसाच्या २०० ते २५० कॅलरी जळतात, आणि तिथून परतताना तर्री पोह्यांची गाडी लागते. सकाळी फिरायला जाणारा निम्मा नागपूर या गाडीपाशी भेटतो.

मी सावजी सोडलेलं नाही, सोडणारही नाही. तर्री काढून ठेवतो. तर्री पोह्यांतले चणे मात्र उत्तम, ते जास्त मागून घ्यावेत.

घरच्या तेलाचा हिशेब पिप्यावरून लागतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २,००० कॅलरींच्या समतोल ताटात दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलंय. चौघांच्या घरात ते रोज १०८ ग्रॅम. म्हणजे १५ किलोचा पिपा जवळपास साडेचार महिने पुरायला हवा. आमच्याकडे तो अडीच महिन्यांत तळाला जायचा. माणशी ५० ग्रॅम. जास्तीचे २३ ग्रॅम, म्हणजे रोज दोनशेवर कॅलरी, आणि कोणाला "मी जास्त खाल्लं" असं जाणवतही नाही. (यावरून वर्षाला साडेनऊ किलो वाढायला हवेत असा गुणाकार कोणी करेल. तसं होत नाही. वजन वाढलं की शरीराचा रोजचा खर्चही वाढतो आणि वाढ कुठेतरी थांबते. पण जिथे थांबते तिथे माझी ९६ ची कंबर होती.)

त्याच संस्थेच्या ताटात निम्मा भाग भाज्या आणि फळांचा आहे. आपलं ताट उलटं असतं. मधे भाताचा डोंगर, बाजूला चार पोळ्या, भाजी लोणच्यासारखी. विदर्भात तर पालेभाज्यांना तोटा नाही. गोकुळपेठ बाजारात थंडीत मेथी, चवळी, अंबाडी, सांबार म्हणजे कोथिंबीर, यांच्या जुड्या रचलेल्या असतात, पावसाळ्यात रानभाज्या येतात. भाजी वाढवली की पोळी आपोआप तिसरीवर थांबते, मोजावी लागत नाही.

वरणाचं मात्र जरा कडू बोलतो. आपण वरण-भात खाऊन "डाळ खाल्ली" म्हणतो. पातळ वरणाच्या वाटीत मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम डाळ असली तरी प्रथिनं पाच-सहा ग्रॅमच. ६५ किलोच्या माणसाला दिवसाला ५४ ग्रॅमच्या आसपास लागतात. वरण घट्ट करा, जोडीला झुणका, उसळ, दही, अंडं, मासे, जे घरात चालतं ते. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि वजन उतरताना स्नायू वाचतात.

गोडाचं थोडक्यात. दिवसाला पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, झाले ५० ग्रॅम, २०० कॅलरी. संत्रं सोलून खा. ज्यूसच्या एका ग्लासात तीन-चार संत्री जातात आणि चोथा बादलीत. चार संत्री सोलून खायला बसा, दुसऱ्यालाच थांबाल. संत्रा बर्फी हे फळ नाही, हेही सांगावं लागतं, कारण आमच्याकडे पाहुणे "फळाचीच आहे नं" म्हणत तिसरी वडी उचलतात.

चालण्यानं वजन फार उतरत नाही, उतरलेलं टिकतं. आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, इतकं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. ताकदीसाठी जिमच हवी असं नाही. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा, भिंतीला हात टेकून जोर काढा, भाजीची पिशवी स्वतः उचला. एप्रिल-मे मध्ये सकाळी साडेसहाच्या आत उरका. आणि रात्री जेवून शतपावली करा. आजोबा करत तेव्हा आम्ही हसायचो, पण जेवणानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्यानं रक्तातली साखर कमी उसळते हे आता अभ्यासांतूनही दिसतंय. शंभर पावलांवर मात्र थांबू नका.

झोप कमी पडली की भूक वाढते, हेही लक्षात असू द्या.

वजन उतरवायच्या इंजेक्शनांबद्दल सगळे विचारतात. मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी भारतात आली. ही औषधं भूक खरंच कमी करतात आणि ज्यांना वैद्यकीय गरज आहे त्यांच्यासाठी मोठी सोय आहे. पण बंद केली की बरंचसं वजन परत येतं, स्नायू इथेही जातात, आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायची नाहीत. व्हॉट्सॲपवरून येणारी "फॅट बर्नर" पावडर तर नकोच.

वजन अचानक वाढत असेल तर थायरॉइड, बायकांमध्ये पीसीओडी (अंडाशयाचा विकार), चालू असलेल्या गोळ्या, विशेषतः स्टेरॉइड, हे तपासून घ्या. उलट काही न करता सहा महिने-वर्षात वजनाच्या पाच टक्क्यांवर घट झाली तर "बरं झालं, बारीक झालो" म्हणू नका, डॉक्टर गाठा. गरोदर बाई, वाढतं पोर आणि सत्तरीतली काटक आजी यांनी यातलं काही आपल्या मनानं करू नये. आणि लग्नात एखादी भाची दिसली की "काय गं, किती सुटलीस!" हे पहिलं वाक्य नसलं तरी चालतं. त्यानं कोणाचं वजन उतरल्याचं मी पाहिलेलं नाही. तिनं मंडपात जेवण सोडल्याचं आणि रात्री घरी बिस्किटांचा पुडा संपवल्याचं पाहिलंय.

साडभाऊंचं काय झालं? पोळी-भात सुरू आहे. सात महिन्यांत काटा साडेतीन किलोच उतरला, त्याची त्यांना खंत आहे. कंबर १०२ वरून ९५ वर आली. त्यांच्या पट्ट्याला चांभाराकडून दोन नवी भोकं पाडून घ्यावी लागली. माझी ९१ वर अडकून बसली आहे.

आमच्या पिप्यावर आता स्केच पेननं उघडल्याची तारीख लिहिलेली असते. मागचा ९५ दिवस पुरला. माणशी साधारण ४० ग्रॅम. अजून १३ ग्रॅम जास्तच, पण मधे दिवाळी होती.